टार-जीझेडमधून फाइल्स काढायला दीड तास लागतोय? आधी नावं कुठल्या ऑर्डरने मागताय ते बघा

हा लोचा आमच्याकडे वर्षभरात तीनदा झालाय. गणपतीच्या आधी एकदा, दिवाळीच्या तोंडावर एकदा आणि परत मार्चएन्डला, आणि प्रत्येक वेळी मी "सुटलं, चेक करा" असं ग्रुपवर टाकून मोकळा झालो होतो. म्हणून यावेळी सगळं बैजवार लिहून ठेवतोय, पायथनमध्ये मोठ्या आर्काइव्हमधून, म्हणजे अनेक फाइल्स एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यातून, फाइल्स काढायचं काम ज्याच्या गळ्यात पडलंय त्याला उपयोग होईल, आणि चौथ्यांदा झालं तर मलाच होईल.

आधी आमचा सेटअप सांगतो. ऑफिस अंधेरी ईस्टला, चकाल्याच्या बाजूला, आणि माल सुटतो भिवंडीच्या गोडाउनमधून. प्रत्येक गाडीच्या चलनाची एक एक्सएमएल फाइल बनते, साधारण २० केबीची, आणि तिथलं मशीन ती महिन्याच्या टार फाइलला, म्हणजे अशाच एका गठ्ठ्याला, मागून जोडत जातं. रोज रात्री त्या टारची जीझिप केलेली, म्हणजे दाबून लहान केलेली कॉपी अंधेरीला येते, तीच टार-जीझेड. महिनाअखेरीला त्यात ४०,००० चलनं असतात, म्हणजे उलगडून ८०० एमबीचा माल. सकाळी ६ ला एक जॉब उठतो, ज्यांचं पेमेंट अडकलंय अशी चारेक हजार चलनं त्यातून काढतो आणि अकाउंट्सला रिपोर्ट पाठवतो. आर्काइव्ह वाचायला मी एक छोटी लायब्ररी लिहिली होती, तिचं नाव ठेवलं पेटी, आत पायथनचंच टारफाइल मॉड्यूल आणि वर एकच फंक्शन, नाव द्या, फाइल घ्या. साधं सोपं. तेवढाच गाढवपणा होता पण ते नंतर कळलं.

वर्षभर सगळं मस्त चाललं, मिनिटभरात रिपोर्ट. मग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अकाउंट्सच्या मॅडमचा फोन, अहो साडेसात वाजून गेले, मी ट्रेनमध्ये बसले पण तुमचा रिपोर्ट अजून आला नाही. बघतो तर जॉब चालूच आहे, एरर नाही, काही नाही, एक कोअर १०० टक्के आणि बाकीचे आरामात बसलेले. साहेबांचं ठरलेलं उत्तर, मोठं मशीन घ्या. मी शपथेवर सांगत होतो की लायब्ररीत एक अक्षर बदललेलं नाही, आणि ते खरंच होतं, गिट लॉग (कोडमधल्या बदलांची नोंद) काढून दाखवला.

इथे मी दोन दिवस फुकट घालवले ते सांगून टाकतो म्हणजे तुमचे वाचतील. पहिला संशय डिस्कवर, पण डिस्क तर झोपलेली होती. दुसरा संशय कॉम्प्रेशन लेव्हलवर (फाइल किती घट्ट दाबायची तो आकडा), कोणीतरी म्हणालं भिवंडीला लेव्हल ९ लावलीय म्हणून उघडायला जड जातंय. हा गैरसमज खूप लोकांचा असतो. जीझिपमध्ये लेव्हलचा मार बसतो तो बांधताना, उघडायचा स्पीड लेव्हल १ असो नाहीतर ९, फारसा हलत नाही. तिसरा संशय रॅम. तोही खोटा. आणि एकच कोअर जळत असताना १६ कोअरचं मशीन आणून काय होणार, बाकीचे १५ पण बसून बघणार.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं ते केलं, जॉब सीप्रोफाइलखाली, म्हणजे कुठल्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला ते मोजणाऱ्या पायथनच्या टूलखाली, चालवला आणि एकूण वेळाच्या हिशोबाने सॉर्ट केलं. वरच्या ओळींमध्ये जीझिप उलगडणाऱ्या झेडलिब लायब्ररीचं डीकॉम्प्रेस असणार हे अपेक्षितच होतं, पण त्याच्या आसपास जीझिप मॉड्यूलचं एक आतलं फंक्शन दिसलं, रिवाइंड नावाचं, आणि त्याच्या कॉल्सचा आकडा होता दोन हजाराच्या जवळपास. मी ४,००० फाइल्स मागितल्या आणि त्याने अर्ध्या वेळा आर्काइव्ह पहिल्यापासून परत उलगडायला घेतलं. तुमच्याकडे असंच काही असेल तर हा एक आकडा बघा, पाच मिनिटांत निकाल लागतो. रिवाइंड एक-दोनदा असेल तर प्रॉब्लेम दुसरीकडे आहे, शेकड्यात असेल तर पुढे वाचा.

कारण असं की टार हे नावच टेप आर्काइव्हवरून आलंय, १९७९ च्या सातव्या एडिशनच्या युनिक्समध्ये ते आलं तेव्हा समोर मॅग्नेटिक टेपची रिळं होती. एक ५१२ बाइटचा हेडर, मग फाइलचा माल, परत हेडर, परत माल, शेवटपर्यंत असंच. कुठली फाइल कुठे आहे याची यादी कुठेच नाही. त्यात वरून जीझिप लावलं की अजून मजा. जीझिपच्या आत जो डिफ्लेट आहे तो मागच्या ३२ केबीकडे बोट दाखवून लिहितो, "हे अक्षर मागे अमुक बाइटवर आलंय तेच परत घे" असं. त्यामुळे मधेच कुठेतरी उडी मारून वाचायला सुरुवात करता येत नाही, मागचं माहीत नसेल तर पुढचं कळत नाही. पुढे जायचं असेल तर मधलं सगळं उलगडत जायचं, आणि मागे जायचं असेल तर पायथन बिचारा दुसरं काही करूच शकत नाही, पहिल्या बाइटपासून परत सुरू करतो. आणि हे सगळं गुपचूप. एरर नाही, वॉर्निंग नाही, तुम्ही सीक (अमुक जागेवर जा) म्हणालात, त्याने सीक करून दिलं.

आता हिशोब करा. नावं अगदी विस्कटलेल्या ऑर्डरने मागितली तर एका फाइलमागे सरासरी एक तृतीयांश आर्काइव्ह उलगडावं लागतं. पुढची फाइल पुढे असेल तर मधलं अंतर, मागे असेल तर सुरुवातीपासून तिथपर्यंत, दोन्हीची सरासरी तेवढीच येते, कागदावर करून बघा. ८०० एमबीचा तिसरा हिस्सा गुणिले ४,००० म्हणजे हजार जीबीच्या वर. आमचं जुनं सर्व्हर सेकंदाला २०० एमबीच्या आसपास उलगडतं, म्हणजे दीड तास. घड्याळात पण तेवढाच लागत होता, एवढं बरोबर जुळल्यावर मला वाईट वाटण्याऐवजी आनंदच झाला, काय करणार.

मग वर्षभर कसं काय चाललं? तर डेटाबेसमधून चलनांची नावं आणणारी जुनी क्वेरी चलनाच्या वेळेप्रमाणे सॉर्ट होत होती आणि टारमध्ये पण चलनं आली त्या वेळेप्रमाणेच जोडलेली, दोन्हीची ऑर्डर नशिबाने सारखी, त्यामुळे वाचणारा कधी मागे वळलाच नाही. ऑगस्टमध्ये मॅडमनी सांगितलं रिपोर्ट पार्टीच्या नावाप्रमाणे द्या, आमच्या ज्युनियरने क्वेरीतली एक ओळ बदलली, जी बदलायला त्याला मीच सांगितली होती, आणि खल्लास. बदल एसक्यूएलमध्ये, दुखणं आर्काइव्हमध्ये. महिन्याच्या मध्याला बदल केला तेव्हा टार अर्धंच भरलेलं आणि अडकलेली पेमेंट्स पण थोडीच, त्यामुळे टेस्टिंगमध्ये काय जाणवलंच नाही.

मी काय केलं, क्वेरी परत वेळेप्रमाणे केली, रिपोर्ट बनवताना शेवटी पार्टीप्रमाणे सॉर्ट केला, आणि गणपतीला सुट्टीवर गेलो. ही चूक क्रमांक एक. दुरुस्ती मागणाऱ्याकडे केली, पेटी तशीच ठेवली.

दिवाळीच्या तोंडावर दुसऱ्या कोणीतरी दुसरा रिपोर्ट लिहिला, गाडी नंबरप्रमाणे. त्याला बिचाऱ्याला काय माहीत की या लायब्ररीला नावं ठराविक ऑर्डरनेच मागायची असतात, असं कुठे लिहिलेलं होतं? परत दीड तास.

तेव्हा टीमला समजावताना मी आमच्या लालबागच्या घरातला माळा सांगितला. गणपतीच्या आधी मी स्टुलावर चढतो आणि आई खालून सांगते, मखर काढ. मखर एकदम आत, म्हणजे पुढचं सगळं खाली उतरवायचं, मखर काढायचं, सगळं परत वर ठेवायचं. हात झटकतो तोच ती म्हणते, आता समयांचा डबा काढ रे, आणि तो डबा दोन मिनिटांपूर्वी माझ्याच हातात होता. आईची चूक नाही, तिला जसं आठवतं तसं ती सांगते. पण मी स्टुलावर चढायच्या आधी पूर्ण यादी मागून घेतली असती तर एका खेपेत काम झालं असतं. पेटीच्या फंक्शनमध्ये हीच बोंब होती, एका वेळी एकच नाव मागायची सोय, त्यामुळे यादी पूर्ण हातात असून पण आतल्या कोडला ती कधी दिसायचीच नाही. म्हणून दुरुस्ती करायची तर फंक्शनचं तोंडच बदलायचं, एक नाव नाही, नावांची यादी घ्यायची, आणि ऑर्डर काय ठेवायची ते आर्काइव्हला ठरवू द्यायचं.

ऑक्टोबरमध्ये मी यादी घ्यायला लागलो खरा, पण परत अर्धवट. प्रत्येक नावासाठी गेटमेंबर (नावावरून आतल्या फाइलची नोंद शोधणारं टारफाइलचं फंक्शन) करून त्याची आतली जागा काढली, टारफाइल प्रत्येक मेंबरबरोबर, म्हणजे आतल्या प्रत्येक फाइलबरोबर, माल कुठे सुरू होतो तो ऑफसेट ठेवतं, त्या ऑफसेटप्रमाणे यादी सॉर्ट केली आणि त्या ऑर्डरने वाचलं. एक फेरी हेडर गोळा करायला, दुसरी माल वाचायला, रिवाइंड फक्त एक. दीड तासाचं काम मिनिटात. पार्टी झाली, वडापाव आले.

मार्चएन्डला ऑडिटवाल्यांना पूर्ण वर्ष पाहिजे होतं, बारा आर्काइव्ह, प्रत्येकातली सगळी ४०,००० चलनं. आणि परत हळू. यावेळी रिवाइंड बघितलं तर ते बरोबर, एक-एकच. मग? गेटमेंबर. मला वाटायचं आत डिक्शनरी असेल, नाव दिलं की पटकन मिळत असेल. नाही हो. आत साधी लिस्ट आहे आणि ती शेवटापासून एकेक नाव ताडून बघते. शेवटापासून अशासाठी की टारमध्ये एकाच नावाची फाइल दोनदा असू शकते आणि नंतर आलेली ती खरी धरायची असते. म्हणजे ४०,००० नावांसाठी प्रत्येकी सरासरी २०,००० तुलना, ८० कोटी, आणि असे बारा महिने. पंधरा मिनिटांच्या वर नुसतं नावं शोधण्यात चाललं होतं, एक बाइट माल न वाचता. ४,००० नावांना हे कधी जाणवलं नव्हतं. आतली फाइल वाचायला देणाऱ्या एक्स्ट्रॅक्टफाइलला मेंबर ऑब्जेक्टच्या ऐवजी नुसतं नाव दिलंत तरी आतून हेच होतं, ते पण लक्षात ठेवा.

आता जे आहे ते असं. मागितलेल्या नावांचा सेट बनवतो, टारवर सरळ फॉर लूप लावतो, समोर आलेल्या मेंबरचं नाव सेटमध्ये असेल तर तिथल्या तिथे वाचतो, नसेल तर पुढे. गेटमेंबर नाही, गेटनेम्स नाही, सॉर्ट नाही. एकच फेरी, आमच्या सर्व्हरवर एका महिन्याच्या आर्काइव्हला दहाएक सेकंद. सेटमधल्या ज्या नावांचं शेवटपर्यंत काहीच मिळालं नाही ती आर्काइव्हमध्ये नाहीत, ही यादी फुकटात मिळते.

यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. सगळी नावं मिळाली की लूप तोडावा असं कोणालाही वाटेल, मलाही वाटलं, अजून फास्ट. पण भिवंडीला एखादं चलन चुकलं की ते दुरुस्त करून त्याच नावाने परत जोडतात, म्हणजे आर्काइव्हमध्ये जुनं आधी आणि दुरुस्त केलेलं नंतर. लवकर तोडलेल्या लूपने जुनीच रक्कम उचलली आणि ऑडिटवाल्यांच्या समोर दोन आकडे वेगळे. हळू चाललेलं परवडलं असतं. तर तोडू नका, शेवटपर्यंत जा, नंतर आलेल्याने आधीच्याला पुसू द्या. तुमचं आर्काइव्ह एकदम एका झटक्यात बनत असेल आणि नावं रिपीट होत नाहीत याची खात्री असेल तरच तोडा.

ज्याला स्वतःच्या ऑर्डरमध्ये पाहिजे त्याने मिळालेलं डिक्शनरीत भरावं आणि मग पाहिजे तसं उचलावं. ४,००० फाइल्स म्हणजे ८० एमबी, काही होत नाही. पण ऑडिटसारखं सगळंच पाहिजे असेल तर ८०० एमबी रॅममध्ये धरून बसू नका, एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलमधला छोटा डेटाबेस) टाका नाहीतर टेम्प फोल्डरमध्ये.

आणि माझी सगळ्यात आवडती दुरुस्ती तर एका अक्षराची आहे. टार उघडताना मोडमध्ये कोलनच्या जागी उभी दांडी, पाइपचं चिन्ह, दिलंत की टारफाइल स्ट्रीम मोडमध्ये जातं. त्या मोडमध्ये मागे जायला परवानगीच नाही, कोणी प्रयत्न केला की लगेच स्ट्रीमएरर देऊन फुटतं. उद्या नवीन आलेल्या पोराने चुकून मागे वळणारं काही लिहिलं तर ते दीड तास गुपचूप चालण्याऐवजी त्याच्याच मशीनवर पहिल्या मिनिटाला फुटेल. मला तर वाटतं जीझेड टार फक्त वाचायचं असेल तर हाच मोड पहिला लावावा. फक्त मेंबर हातात आला की तिथेच वाचून घ्यायचा, "नंतर वाचू" म्हणून लिस्टमध्ये ठेवला की खेळ खलास. टेस्टमध्ये पण आता नावं मुद्दाम विस्कटून देतो, आणि टेस्टचं आर्काइव्ह पाच फाइल्सचं नाही, पूर्ण महिन्याच्या साइजचं. पाच फाइल्सवर काय वाट्टेल ते फास्ट चालतं.

हे ऐकल्यावर सगळे विचारतात की झिप का नाही वापरत. बरोबर प्रश्न आहे. झिपच्या शेवटी सगळ्या फाइल्सची डिरेक्टरी असते आणि प्रत्येक फाइल वेगळी कॉम्प्रेस केलेली, त्यामुळे पाहिजे तिथे उडी मारता येते. आम्ही दिवाळीनंतर दोन दिवस करून पण बघितलं आणि तिथे वेगळेच खड्डे निघाले. पेटीचं एक-नाववालं फंक्शन झिपसाठी लिहिलं ते प्रत्येक नावाला झिप नव्याने उघडायचं, आणि झिपफाइल उघडताना ती पूर्ण डिरेक्टरी वाचतं, ४०,००० नोंदींना आमच्याकडे ०.४ सेकंद, गुणिले ४,००० केलं की २६-२७ मिनिटं नुसतं दार उघडण्यात. एकदा उघडा आणि तोच ऑब्जेक्ट फिरवा. दुसरं म्हणजे नाव आहे का बघायला नेमलिस्टमध्ये शोधू नका, ते दर वेळी नवी लिस्ट बनवून देतं. गेटइन्फो करा आणि कीएरर आली तर नाही समजा, तिथे मात्र खरंच डिक्शनरी आहे. आता हे दोन्ही बरोबर केल्यावर झिप फास्टच होतं, खोटं कशाला बोला. पण आमच्या चलनांचा अर्धा मजकूर सगळीकडे तोच असतो, टारमध्ये ती शेजारी-शेजारी असल्याने जीझिपला मागच्या ३२ केबीत तो सापडतो, झिपमध्ये प्रत्येक फाइल कोरी सुरू होते, त्यामुळे साइज चांगलीच वाढली आणि भिवंडीची लाइन तशीच रडकी आहे. आम्हाला दिवसातून एकदाच वाचायचंय, मग टारच राहू दिलं. तुम्हाला दिवसभर लोक एकेक फाइल मागत असतील तर डोळे झाकून झिप घ्या.

सेव्हनझेडवाल्यांनी पण ऐका, तिथे सॉलिड आर्काइव्ह असेल तर बऱ्याच फाइल्स एकाच ब्लॉकमध्ये दाबलेल्या असतात, म्हणजे माळ्याचाच प्रकार, एक काढायला ब्लॉक पहिल्यापासून उलगडायचा. तिथेही यादी एकदम द्या.

पासवर्डवाल्या झिपचा विषय वेगळा. एका ट्रान्सपोर्टरकडून तशा येतात आणि त्या पायथनच्या झिपफाइलने उघडल्या की माणूस चहा पिऊन येतो, कारण तो जुना पासवर्ड सोडवायचं काम शुद्ध पायथनमध्ये लिहिलंय, सी मध्ये नाही, डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की अतिशय हळू आहे. बाहेरचं अनझिप नाहीतर सेव्हनझेड सबप्रोसेसने, म्हणजे पायथनमधूनच वेगळा प्रोग्राम चालवून, बोलवा.

बांधायच्या बाजूला एकच. कमांड लाइनच्या जीझिपची लेव्हल ६ असते, पण आमच्याकडच्या पायथनमध्ये टारफाइल काही न सांगता ९ लावतं. आउटपुट आर्काइव्ह बनवायला वेळ लागत असेल तर लेव्हल ६ करून बघा, साइजमध्ये फरक किरकोळ पडतो.

पेटीत जुनं एक-नाव-एक-फाइलवालं फंक्शन अजून आहे, पण एका जॉबमध्ये दहापेक्षा जास्त वेळा बोलावलं की आता ते सरळ एरर देतं आणि यादीवालं वापर म्हणून सांगतं. ज्युनियर म्हणाला दादा, वॉर्निंग पुरे ना. वॉर्निंग आम्ही कोणीच वाचत नाही, मी पण नाही. दोन जुन्या स्क्रिप्ट्स त्यामुळे काल फुटल्या, त्या या शनिवारी बघणार आहे.